पात्याच्या पोटातली चीर



साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्याला बरीच वर्षे झाली. पवनचक्की साधारण वीस वर्षांच्या आयुष्याचा हिशेब धरून बांधतात. म्हणजे 2000 नंतरच्या पहिल्या दशकात उभारलेल्या चक्क्यांची वये आता भरत आली. त्यांच्या आसपास वावरे आहेत, गुरांच्या वाटा आहेत. तेव्हा त्यांच्या प्रकृतीची चौकशी करणे हा गावकऱ्यांचा हक्कच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पवनचक्कीचे पाते लोखंडाचे नसते. काचतंतूच्या कापडाचे थर रेझिनमध्ये भिजवून, मधे हलके लाकूड किंवा फोम घालून ते घडवतात. आपल्या फायबरच्या टाकीचाच हा थोरला भाऊ म्हणा ना! लोखंड गंजले की डोळ्यांना दिसते. इथे मात्र थर आतल्या आत सुटतात आणि वरचा रंग तसाच चकचकीत राहतो. उसातल्या खोडकिडीसारखेच हे दुखणे. पोंगा वाळलेला दिसतो, तोवर अळीने आत आपले काम उरकलेले असते. 2008 साली पुण्याच्या सुझलॉन कंपनीच्या अमेरिकेतील काही पात्यांना तडे गेले. तेव्हा तब्बल 1,251 पाती मजबूत करण्याचे काम हाती घ्यावे लागले.

यावर उपाय आहे. टेलिफोन-इंटरनेटसाठी जी काचेची तार जमिनीखालून जाते, तीच ऑप्टिकल फायबर पात्यात बसवतात. जाडी मिलिमीटरचा आठवा हिस्सा. तिच्यात ठिकठिकाणी अशा खुणा केलेल्या असतात, की प्रत्येक खूण ठराविक एकाच रंगाचा प्रकाश परत पाठवते. पाते ताणले की तो रंग किंचित सरकतो. किलोमीटरमागे एक मिलिमीटर, इतका बारीक ताणही कळतो. कालच्याइतकाच वारा असून एखाद्या खुणेचा ताण आज बदलला, किंवा तीन पात्यांपैकी एकाचाच वेगळा आला, तर आत काही बिघडले असे समजावे. काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे आभाळातल्या विजेचेही भय कमी.

खर्च आहे, हे खरे. उन्हाने तापल्यावरही रंग सरकतो, म्हणून तापमानाचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. जुन्या पात्याच्या थरांत तार घालता येत नाही, पण बुडाशी आतून चिकटवता येते. दोराला लटकून किंवा ड्रोनने केलेली पाहणी हवीच, पण ती मुख्यतः वरची कातडी पाहते.

म्हणून आमचे सांगणे असे, की नवीन चक्कीसाठी जमीन देताना करारात ही अट घाला. जुन्या चक्क्यांच्या तपासणीचा निकाल दरवर्षी ग्रामसभेपुढे मागा. आणि एक ध्यानात ठेवा, तार फक्त इशारा देते. बॉयलरचा काटा लाल खुणेवर गेला आणि पाहणाराच डुलक्या घेत असला, तर काट्याचा काय उपयोग? इशारा मिळताच चक्की थांबवण्याचा अधिकार कोणाचा, हेही त्या करारात लिहून घ्या.