मुलांचे लग्न आणि गावाची कुऱ्हाड



या सदरात आपण बियाणे, खत, फवारणी आणि संत्र्याचा बहार यांविषयी बोलतो. आजचा विषय शिवारातला नाही, घरातला आहे. पण घर मोडले की शेती टिकत नाही, हे आपण सारेच जाणतो. म्हणून स्पष्ट लिहितो.

११ ऑगस्ट २०२५ ला जळगाव जिल्ह्यात जामनेरला विशी-एकविशीतला एक मुसलमान तरुण पोलीस भरतीचा अर्ज भरायला आला होता. तो एका कॅफेत दुसऱ्या धर्माच्या मुलीबरोबर बसलेला दिसला. टोळक्याने त्याला उचलले, जागोजागी मारले आणि शेवटी त्याच्याच गावात, त्याच्याच दारात आणले. आईबाप आणि बहीण मध्ये पडले, त्यांनाही मार बसला. पोरगा वाचला नाही. गुन्हेगार कोण हे न्यायालय ठरवील. पण एखाद्या पोराला भरदिवसा असे फरपटत नेले जात असताना बघणारे किती होते आणि अडवणारे किती, हे प्रत्येक गावाने स्वतःला विचारावे.

मुलगी अठराच्या आतली होती, असे बातम्यांत आले. मुलगी अल्पवयीन असेल तर आईबापांची काळजी खरी आहे, आणि ती काळजी करायलाच हवी. पण त्यासाठी पोलीस ठाणे आहे, १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन आहे. टोळक्याला ते काम कोणी दिलेले नाही.

हे एकाच धर्माचे लोक करतात असेही नाही. मे २०२२ मध्ये हैदराबादेत एका हिंदू तरुणाने मुसलमान मुलीशी लग्न केले म्हणून मुलीच्या भावाने त्याला भररस्त्यात मारले. डिसेंबर २०२१ मध्ये आपल्याच राज्यात, वैजापूर तालुक्यात, मनाने लग्न केलेल्या मुलीचा जीव तिच्या घरी भेटीला आलेल्या आईने आणि भावाने घेतल्याचा गुन्हा नोंदला गेला. तेथे तर धर्माचा प्रश्नही नव्हता. म्हणजे खरे दुखणे धर्माचे थोडे आणि ‘लोक काय म्हणतील’ याचे जास्त आहे.

एका गावच्या बैठकीनंतर एक शेतकरी मला बाजूला घेऊन म्हणाला, “साहेब, पोरीनं असं काही केलं तं मले गावात तोंड दाखवाले जागा राहणार नाही.” माणूस वाईट नव्हता. कष्टाळू होता, पोरीवर जीव होता. मी त्याला विचारले, “भाऊ, बांध कोरला म्हणून शेजाऱ्याशी भांडण झाले तर तुम्ही काय करता?” तो म्हणाला, “मोजणी आणतो.” मग ज्या पोरीला खांद्यावर बसवून पोळा दाखवला, तिच्यासाठी मोजणीइतकाही धीर नसावा काय? तो बराच वेळ गप्प राहिला.

अब्रूच्या नावाने कुऱ्हाड उचलली तर पुढे काय होते, हा हिशोब बैठकीत कोणी मांडत नाही. पोरगी जाते. पोरगा तुरुंगात जातो. वकिलापायी दोन एकर गहाण पडतात, बैलजोडी विकली जाते. घरी म्हातारा आणि सून उरतात, आणि कपाशी वेचायला माणूस नसतो. ज्या लोकांनी “अब्रू राख” म्हणून चेतवले, ते तारखेला सोबत येत नाहीत. आता कायदाही कडक झाला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समाज किंवा श्रद्धा यांसारख्या कारणावरून खून केला, तर जमावातल्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप आहे.

आपल्या आष्टीला तर ही गोष्ट दुसऱ्याने सांगायची गरज नसावी. १६ ऑगस्ट १९४२ ला नागपंचमीच्या दिवशी आष्टीच्या ठाण्यावर लोक चालून गेले, तेव्हा गोळी खाणाऱ्यांत डॉ. गोविंद मालपे होते, पंची गोंड होते आणि रशीदखानही होते. त्या हुतात्म्यांपुढे आपण दरसाल हात जोडतो. एकत्र मरण चालते आणि एकत्र संसार चालत नाही, हे गणित कसे बसते?

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या सेवाग्रामहून गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये एक लेख लिहिला. इंदिरा नेहरू आणि पारशी असलेले फिरोज गांधी यांचे लग्न ठरले होते, आणि लोक गांधीजींना रागाची, शिव्यांची पत्रे पाठवत होते. गांधीजींनी लग्नाची बाजू घेतली. अशी लग्ने पुढे वाढतील आणि त्यात समाजाचे भलेच आहे, असे त्यांनी लिहिले. हेच गांधीजी १९२६ मध्ये वेगळे बोलले होते. त्यांचा मुलगा मणिलाल याला दक्षिण आफ्रिकेत एका मुसलमान मुलीशी लग्न करायचे होते, तेव्हा त्यांनी विरोध केला. ते लग्न झाले नाही. पुढच्या वर्षी अकोल्याच्या मश्रूवाला घराण्यातल्या सुशीलाबाई त्यांच्या सून झाल्या. यातून दोन गोष्टी घ्याव्यात. बापाला लग्न पसंत नसू शकते, पण गांधीजींनी विरोध केला तो पत्र लिहून केला. आणि सोळा वर्षांत माणसाचे मत बदलू शकते. मेलेले पोर मात्र मत बदलल्यावर परत येत नाही.

आईबाप राजी असले तरी गाव आडवे येते, असेही घडते. नाशिकला २०२१ मध्ये एका हिंदू मुलीचे मुसलमान मुलाशी नोंदणी पद्धतीने लग्न झाले होते. दोन्ही घरे खूश होती. समारंभाची पत्रिका मोबाइलवर फिरली आणि समाजाच्या दबावाने समारंभ रद्द करावा लागला. तेव्हा राज्यमंत्री असलेले आपल्या शेजारच्या अचलपूरचे बच्चू कडू त्या कुटुंबाच्या पाठीशी उभे राहिले, आणि समारंभ नंतर पार पडला. गावात एक जरी वजनदार माणूस उभा राहिला तरी पुष्कळ फरक पडतो.

आता कामाच्या चार गोष्टी लिहून ठेवा.

१) १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने वेगळ्या धर्माच्या दोघांना धर्म न बदलता लग्न करता येते. मुलगा २१ आणि मुलगी १८ पूर्ण पाहिजे. विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यायची, ती ३० दिवस कार्यालयात लावतात, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न होते. मुलीची ओळख लपवून कोणी फसवेल, ही भीती असेल तर हाच मार्ग चांगला, कारण यात नाव, वय, पत्ता सारे कागदावर येते.

२) २७ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला घराची, जातीची किंवा पंचांची संमती लागत नाही. जिवाला धोका असलेल्या जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारा करण्याचे आदेशही दिले. महाराष्ट्राच्या गृह विभागाने डिसेंबर २०२४ मध्ये तसे परिपत्रक काढले. जिल्ह्यात हा कक्ष पोलीस अधीक्षकांच्या हाताखाली असतो. तातडीला ११२ नंबर फिरवावा.

३) अशा घराला वाळीत टाकणे, पाणी, पीठगिरणी, मजूर बंद करणे हाही गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

४) दुसऱ्या धर्मात लग्न केले किंवा धर्म बदलला, एवढ्यावरून मुलाचा वा मुलीचा वारसाहक्क बुडत नाही. तेव्हा सातबारा दाखवून धमकावू नये.

आणि मायबहिणींना वेगळे सांगणे. मुलगी कोणाशी बोलते हे बहुधा आईला आधी कळते. ते दडपू नका आणि लगेच घरातल्या तापट माणसाच्या कानावरही घालू नका. मुलीला जवळ बसवा. मुलगा कोण, काय करतो, घर कसे आहे, हे तिच्या तोंडून ऐका. शिक्षण पुरे होईपर्यंत थांब म्हणा. पटत नसेल तर पटत नाही म्हणा. अबोला धरा, लग्नाला जाऊ नका, तो तुमचा हक्क आहे. पण दार कायमचे बंद करू नका. अडचणीत सापडलेल्या लेकीला माघारी यायला वाट असली पाहिजे, मग तिचा नवरा कोणत्याही धर्माचा असो.

सरपंच, पोलीस पाटील आणि तंटामुक्त समितीच्या मंडळींनी येत्या ग्रामसभेत हा विषय एकदा तरी काढावा. पाऊस येण्याआधी आपण नाला मोकळा करतो. हेही काम वेळ येण्याआधीच करून ठेवायचे आहे.