राजापूरची दिल्लीची चिठ्ठी

तळकोकणच्या मतदारावर लिहायला बसलेल्या मुंबई-पुण्याच्या माणसाची दोन वाक्यं आता मला तोंडपाठ झाली आहेत. नाथ पै आणि मधु दंडवते यांचा समाजवादी राजापूर मतदारसंघ सेनेच्या लाटेत हिंदुत्ववादी झाला, हे पहिलं. मग तो नारायण राणे कुटुंबाचा बालेकिल्ला झाला, हे दुसरं. पहिलं वाक्य हळहळत लिहिलेलं असतं, दुसरं नाक मुरडत. मला दोन्ही कच्ची वाटतात.

पूर्वपक्षाच्या बाजूने बोलणारे आकडे आहेत, ते आधी मान्य करू. बॅरिस्टर नाथ पै 1957, 1962 आणि 1967 असे सलग तीनदा निवडून आले. 1957 मध्ये संयुक्त महाराष्ट्राची लाट होती असं म्हणता येईल, पण 1962 मध्ये ती ओसरली होती आणि राज्यात काँग्रेसच काँग्रेस होती, तरी बॅरिस्टर राहिले. 1971 च्या जानेवारीत ते गेले. त्याच वर्षी इंदिरा लाटेत दंडवते आले आणि एकूण पाच निवडणुका जिंकले. इंदिराजींच्या हत्येनंतर 1984 मध्ये भलेभले वाहून गेले, दंडवते टिकले. एका परंपरेच्या दोन माणसांना चौतीस वर्षं निवडून देणारा मतदार समाजवादी नाही तर कोण, असं कुणालाही वाटेल.

पण 1989 चा नोव्हेंबर आणि 1990 चा फेब्रुवारी शेजारी ठेवून बघा. नोव्हेंबरात याच मतदारांनी दंडवत्यांना पाचव्यांदा दिल्लीला धाडलं. ते अर्थमंत्री झाले. फेब्रुवारीत मालवणने विधानसभेवर पाठवले शिवसेनेचे नारायण राणे. मध्ये जेमतेम तीन महिने. एवढ्यात हजारो माणसांचं वैचारिक धर्मांतर झालं म्हणायचं तर देवचाराने गावंच्या गावं झपाटली असं मानावं लागेल. आणि 1991 मध्ये दंडवते हरले ते कुणाकडून? हिंदुत्ववाद्यांकडून नव्हे, लष्करातून आलेल्या काँग्रेसच्या सुधीर सावंतांकडून. सेनेचा खासदार 1996 मध्ये आला, तोही शाखेवर घोषणा देत वाढलेला नव्हता. सुरेश प्रभू चार्टर्ड अकाउंटंट, सारस्वत बँकेचे अध्यक्ष राहिलेले. ते 2004 पर्यंत चारदा जिंकले.

बॅरिस्टर, भौतिकशास्त्राचा प्राध्यापक, लष्करी अधिकारी, सीए. झेंडे बदलले, साचा तोच राहिला. त्याचा अर्थ मी असा लावतो: या मतदाराच्या हातात दोन चिठ्ठ्या होत्या. मुंबईची चिठ्ठी रस्ता, नळ, एसटी, बदली यांसाठी. ती पोलीस ठाण्यात जाऊन टेबलावर हात आपटणाऱ्याला मिळे. दिल्लीची चिठ्ठी सभागृहात उभं राहून बोलू शकणाऱ्याला. ज्या घरातला मुलगा लालबागच्या शाखेत होता, त्याच घरातल्या बापाला बॅरिस्टरांचं भाषण खटकलं नाही.

यावर लगेच उत्तर येईल, म्हणजे कोकणी माणूस पक्ष नाही, व्यक्ती बघतो, हे जुनंच. नाही, ते वेगळं आहे. व्यक्तिपूजक एका माणसाच्या पायाशी सगळं वाहतो. हा मतदार कामं वाटून देत होता. त्यात भाबडी कृतज्ञताही नव्हती. 1977 ते 79 रेल्वेमंत्री असलेल्या दंडवत्यांनी कोकण रेल्वेचा ध्यास घेतला, दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आणली. पण 1998 मध्ये रुळांवरून पूर्ण मार्गाची गाडी धावली तेव्हा ते खासदार नव्हते. आम्हीच त्यांना पाडलं होतं.

ही वाटणी मोडली ती 2009 मध्ये. पुनर्रचनेत राजापूर हे नाव लोकसभेच्या यादीतून गेलं आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग आला: चिपळूण, रत्नागिरी, राजापूर वरचे, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी खालचे. त्या पहिल्याच लढतीत काँग्रेसच्या नीलेश राण्यांनी प्रभूंना हरवलं. तेव्हापासून चार निवडणुका झाल्या आणि चारही वेळा एका बाजूला कुणीतरी राणे उभा आहे. दिल्लीच्या चिठ्ठीवरचा प्रश्नच बदलला: राणे की राणे नको? प्रभू 2014 मध्ये रेल्वेमंत्री झाले खरे, पण राज्यसभेवर गेले हरियाणातून! दिल्लीच्या माणसाला घरच्या मतदारसंघात जागा उरली नव्हती.

म्हणून बालेकिल्ल्याची गोष्टही टिकत नाही. 2014 मध्ये नीलेश राणे शिवसेनेच्या विनायक राऊतांकडून दीड लाखाच्या आसपास मतांनी पडले. त्याच वर्षी खुद्द नारायण राणे कुडाळात वैभव नाईकांकडून हरले. 2019 मध्ये पुन्हा राऊत. 2024 मध्ये नारायण राणे भाजपच्या चिन्हावर जिंकले ते अठ्ठेचाळीस हजारांच्या आतल्या फरकाने. आघाडी सिंधुदुर्गातल्या तिन्ही भागांत, पिछाडी रत्नागिरीतल्या तिन्ही भागांत. राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या नियोजित रिफायनरीने हे घडवलं असं काहीजण सांगतात. राजापुरात थोडंफार असेलही. पण चिपळुणाला बारसूशी काय देणंघेणं? शिवाय बारसूची जागा सुचवणारं पत्र जानेवारी 2022 मध्ये राऊतांचे नेते उद्धव ठाकरे यांनीच मुख्यमंत्री म्हणून केंद्राला धाडलं होतं. मला त्या निकालात 1981 च्या 1 मे रोजी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग यांच्यात आखलेली जिल्ह्याची हद्द दिसते.

समाजवाद गेला म्हणून रडणाऱ्यांनी हेही बघावं. 2024 च्या नोव्हेंबरात कणकवलीत नितेश राणे कमळावर निवडून आले, कुडाळात नीलेश धनुष्यबाणावर, आणि वडील नारायण राणे आधीच लोकसभेत होते. दिल्लीची आणि मुंबईची चिठ्ठी एकाच उंबरठ्यावर पडली, चिन्हं तेवढी दोन.