काटापट्टी मागता, जॉबकार्ड का नाही?

जिरायती शेतकऱ्याच्या घरात मोटारसायकल आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या वस्त्यांवरून दूध तिच्यावर डेअरीला जाते, खताची गोणी तिच्यावर येते, अपरात्री दवाखाना तीच गाठते. ऐन कापूस वेचणीत ती बंद पडली तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही.

लायसेन्स-परमिटच्या राज्यात स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. आता कंपन्या दारात येऊन गाडी विकतात. विक्रीत स्पर्धा आली. दुरुस्तीत मात्र बहुधा तालुक्याला कंपनीचे एकच दुकान, म्हणजे पुन्हा मक्तेदारीच.

या दुकानात आपला शेतकरी नव्या जावयासारखा गप्प बसतो. अडत्याकडून काटापट्टी घेतल्याशिवाय न हलणारा माणूस "आवाज येतोय, बघा जरा" एवढे सांगून गाडी सोडतो. संध्याकाळी "बघितलं, काही नाही" ऐकून परततो. वॉरंटी संपली की तोच आवाज इंजिन खोलायला लावतो आणि उत्तर मिळते, "मुदतीत तुमची तक्रारच नव्हती." म्हणून तक्रार आपल्या शब्दांत, तारीख आणि किलोमीटरसह जॉबकार्डावर लिहून घ्या. त्याची प्रत सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा. पार्ट बदलला तर जुना पार्ट दाखवायला सांगा.

नंबरप्लेट लावल्याशिवाय नवी गाडी ताब्यात देऊ नये, असे मोटार वाहन कायद्याची 2019 ची दुरुस्ती सांगते. हेल्मेट कंपनीने गाडीबरोबर द्यायचे, असा नियम आहे. विमा अमुकच कंपनीचा घ्या, ही सक्ती चालत नाही.

आपल्या बाजूचेही बोलू. 1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली ती 'टाकी भरा आणि विसरा' अशा थाटाच्या जाहिरातीने. आपण तेलही विसरलो! काळ्या रानाची धूळ एअर फिल्टर चोंदवते. पुस्तकात दिलेल्या मुदतीची वाट न पाहता तो उघडून बघावा. चोंदलेल्या फिल्टरने ॲव्हरेज पडते, आणि फाटका असला तर धूळ थेट सिलिंडरमध्ये जाऊन पिस्टन खाते. साखळीला तेल, टायरला हवा, दांडीवर इंजिन ऑइलची पातळी, हे काम घरचे पोरही करील. गावचा मेकॅनिक आपलाच आहे, पण मुदतीत इंजिन त्याच्याकडे खोलले की डीलरला हात झटकायला निमित्त मिळते. फुकटच्या सर्व्हिसिंगमध्येही बहुधा मजुरीच फुकट, तेलाचे पैसे पडतात. तरी ती चुकवू नये.

कायदा आपल्या बाजूने आहे. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 पासून लागू आहे. डीलर आणि कंपनी दोघांविरुद्ध अहिल्यानगरच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. गाडी 5 लाखांच्या आतली असेल तर फी नाही, वकिलाची सक्ती नाही. मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षे. "तुम्ही दुधाचा धंदा करता, ग्राहक नाही" असे कोणी म्हटले तर फसू नका. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा मालक ग्राहकच ठरतो. बियाण्याच्या प्रकरणात शेतकरी ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये सांगितलेच आहे. आधी 1915 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. पुष्कळदा तेवढ्यानेही हालचाल होते.

आमची मागणी साधी आहे. तिसगाव, मिरजगाव, खर्डा अशा बाजारगावी आठवडे बाजाराच्या दिवशी डीलरने आपला मेकॅनिक पाठवावा. गाडी विकायला तंबू ठोकता येतो, तर दुरुस्तीलाही ठोकता येईल. जिल्हा बैठकीला येताना ज्यांची वॉरंटी नाकारली गेली त्यांनी बिल, सर्व्हिस बुक आणि जॉबकार्डाची प्रत घेऊन यावे. अर्ज तिथेच लिहून देऊ.