परमुलुखातील शिक्षक

समुद्र ओलांडून जाणाऱ्या माणसाचे पूर्वी गावात मोठे अप्रूप असे, आणि परत आल्यावर क्वचित त्याला प्रायश्चित्तही घ्यावे लागे. आता ते दिवस मागे पडले. आमच्या कोल्हापुरातून पुण्या-मुंबईस जावे तितक्या सहजतेने मुलेमुली परदेशी जातात. कोणी शिक्षणासाठी जाते, कोणी नोकरीसाठी. ह्यांच्या जोडीला अलीकडे आणखी एक वर्ग दिसू लागला आहे. हे तरुण दोन-चार महिने, फार तर एक वर्ष, एखाद्या परक्या देशात राहतात. तेथील शाळेत मुलांना शिकवतात किंवा रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून राबतात, आणि मुदत संपली की घरी परततात.

त्यांचा हेतू चांगला आहे ह्यात संशय नाही. परंतु सेवेचे मोल केवळ हेतूवर ठरत नसते. ज्याची सेवा करावयाची त्याच्या पदरात शेवटी काय पडले, हेही पाहावे लागते. चार दिवसांच्या मुक्कामात परक्या मुलांचे आपण खरोखर काही भले करू शकतो काय? माझे मत असे आहे की, करू शकतो. मात्र त्यासाठी शिकवायला जाणाऱ्याने तेथे प्रथम विद्यार्थी झाले पाहिजे. जो असा विद्यार्थी होईल त्याचा अल्प मुक्कामही सार्थकी लागेल. जो होणार नाही, त्याची सेवा ही सहलच समजावी.

ह्या मताला आधार म्हणून आपल्याच माणसांची उदाहरणे घेऊ.

पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या. वैद्यकीचे शिक्षण घ्यावे, ही त्यांची मूळ इच्छा. पण कानाच्या दोषामुळे ती पुरी झाली नाही. पुढे 1884 ते 1886 ह्या काळात त्यांनी चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात संस्कृत शिकविले आणि त्याच ठिकाणी स्वतः इंग्रजी व इतर विषयांचे अध्ययन केले. एकाच इमारतीत एका वर्गात गुरू आणि दुसऱ्या वर्गात शिष्य, अशी ती दोन वर्षे होती. त्यांना ह्यात कमीपणा वाटला नाही.

गोव्यातील साखवाळ येथे 1876 साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी ह्यांचे उदाहरण ह्याहून बोलके आहे. शालेय शिक्षण अपुरे आणि घरची स्थिती बेताची. बुद्धाचा उपदेश मुळातून जाणावा ह्या एकाच ध्यासाने ते घराबाहेर पडले. काशीला त्यांनी संस्कृत शिकून घेतले, नेपाळ पाहिला, सिंहलद्वीपात जाऊन पाली भाषेचा अभ्यास केला, ब्रह्मदेशातही वास्तव्य केले. इतकी पायपीट झाल्यानंतर 1910 साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना ‘विसुद्धिमग्ग’ ह्या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी बोलावले. तेथील मुक्काम दोनेक वर्षांचा होता. परत आल्यावर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालीचे अध्यापन केले. पुढे 1929 साली लेनिनग्राडला पाली शिकविण्यासाठी गेले, आणि 1930 साली स्वदेशी मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा त्या लढ्यात सामील झाले. आयुष्याची कितीतरी वर्षे शिकण्यात घालविली, म्हणूनच परदेशातील थोडा काळ त्यांना शिकविण्यासाठी पुरेसा झाला.

तिसरे उदाहरण आपल्या शेजारच्या सोलापूरचे आहे. 1938 साली चीनवर जपानचे आक्रमण चालू होते. चीनच्या साहाय्यासाठी भारतीय राष्ट्रीय सभेने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. डॉ. अटल, नागपूरचे ज्येष्ठ डॉ. चोळकर, डॉ. बसू, डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. कोटणीसांचे वय तेव्हा अठ्ठावीसही नव्हते. पथकाचा मुक्काम अल्पकाळाचा ठरला होता. चीनमध्ये असतानाच कोटणीसांना वडील निवर्तल्याची बातमी कळली. त्या प्रसंगी ते परतले असते, तर कोणीही त्यांना नावे ठेवली नसती. परंतु ते उत्तरेकडे, आघाडीच्या मुलखात गेले.

तो मुलूख डोंगराळ, हिवाळा कडाक्याचा, आणि अन्न म्हणजे प्रामुख्याने राळा! आपल्याकडच्या जुन्या माणसांना राळ्याचा भात ठाऊक आहे. रोज तोच समोर आला तर काय होईल, हेही ठाऊक आहे. अशा ठिकाणी कोटणीस रुळले ते भाषेच्या वाटेने. ते चिनी बोलायला शिकले, लिहायला शिकले, आणि जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता तेथील तरुणांना शस्त्रक्रियेचे शास्त्र त्यांच्याच भाषेत शिकवू लागले. त्यांच्यासाठी त्यांनी चिनी भाषेत पाठ्यपुस्तकही लिहावयास घेतले. 1941 साली डॉ. बेथ्यून ह्यांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. त्याच वर्षी त्यांनी तेथील एका परिचारिकेशी विवाह केला. मुलाचे नाव ठेवले यिनहुआ. ह्यात भारत आणि चीन ह्या दोन्ही देशांची नावे गुंफलेली आहेत. 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, आजाराने त्यांचे निधन झाले. ज्यांचा जन्म कोल्हापूरचा आणि ज्यांच्या कलेची उमेदवारीही येथेच झाली, त्या व्ही. शांताराम ह्यांनी 1946 साली कोटणीसांच्या जीवनावर चित्रपट काढला आणि त्यांची भूमिका स्वतः केली. त्यामुळे हे नाव घरोघर पोचले.

प्रत्येकाने कोटणीसांप्रमाणे देह ठेवावा, असे मी म्हणत नाही. त्यांच्या पथकातील इतर डॉक्टर आपापले काम करून परतले, आणि त्यांच्या कामाचे मोल त्यामुळे उणे झाले नाही. घेण्याजोगा धडा साधा आहे. शिकणाऱ्याची भाषा शिकविणाऱ्याने आत्मसात करावी, आणि आपण नसताना काम चालवील असा माणूस तेथेच तयार करावा.

हीच गोष्ट आपण उलट बाजूनेही पाहू शकतो. आपल्या मुलखात आलेल्या परक्यांपैकी आपण कोणाची आठवण ठेवली? मोल्सवर्थ लष्करी नोकरीत हिंदुस्थानात आला आणि 1831 साली त्याचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. अभ्यासक आजही तो उघडतात. कॅनडात जन्मलेल्या डॉ. वानलेस ह्यांनी 1894 साली मिरजेत रुग्णालय उभारले आणि येथील तरुणांना वैद्यक शिकविले. सांगलीजवळच्या वानलेसवाडीने त्यांचे नाव जपले आहे. जे आले, आपल्याला बोल लावून गेले, त्यांची नावे मात्र कोणाच्या ओठांवर नाहीत.

ह्यावर कोणी म्हणेल, ‘ही माणसे असामान्य होती. तीन महिन्यांसाठी जाणाऱ्याने भाषा कशी शिकावी?’ आक्षेप रास्त आहे. परंतु सारी भाषा येत नसली तरी शंभर शब्द येऊ शकतात. वर्गातील प्रत्येक मुलाचे नाव नीट उच्चारता येऊ शकते. आपल्या नावाची मोडतोड झाली की आपल्याला कसे वाटते? त्या मुलालाही तसेच वाटते. तेथील अन्न नाक न मुरडता खाता येते, तेथील वडीलधाऱ्यांना त्यांच्या रीतीने वंदन करता येते. पहिल्या पंधरवड्यात घराची आठवण येऊन जीव कासावीस होतो, हवा मानवत नाही, रात्री झोप येत नाही. त्या पंधरवड्यात उपदेश कमी करावा आणि निरीक्षण अधिक करावे. तेथील शिक्षकाच्या वर्गात मागच्या बाकावर बसावे. तो मुलांना कसे बोलावतो, कसे रागावतो, कसे समजावतो, हे पाहावे. मग त्याच्या हाताखाली काम मागावे.

येथे एक धोका सांगितला पाहिजे. पाहुणा शिक्षक येतो, मुलांना लळा लावतो आणि निघून जातो. मग दुसरा येतो, तोही जातो. ज्या मुलांना आईबाप नाहीत त्यांच्या वाट्याला पुन्हा पुन्हा असा वियोग आला, तर ती सेवा म्हणावी काय? तसेच विनावेतन पाहुणा मिळतो म्हणून एखाद्या स्थानिक शिक्षकाची नोकरी गेली, तर आपण देण्याऐवजी घेऊनच आलो. म्हणून पाहुण्याने शक्यतो शिक्षकाला मदत करावी, त्याची जागा घेऊ नये. आणि मुलांबरोबर काढलेली छायाचित्रे गावभर दाखविण्याची हौस आवरती घ्यावी. त्यांचे दारिद्र्य ही आपल्या पुण्याईची साक्ष नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक तिखट आहे. ‘घरची चूल विझलेली असताना शेजारी दिवा लावायला का जावे? आपल्या खेड्यांत शिक्षक कमी का आहेत?’ ह्याचे उत्तर मी एका सूचनेने देतो. परदेशी शिकवायला जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने आधी दोन महिने गगनबावडा, शाहूवाडी किंवा चंदगड तालुक्यातील एखाद्या वाडीवर शिकवून पाहावे. पावसाळ्यात तेथे धो धो पाऊस कोसळतो, वाटा निसरड्या होतात, आणि मुले चिखल तुडवीत शाळेत येतात. त्यांची बोली पुस्तकातल्या मराठीहून निराळी असते. तेथे ज्याचे मन रमले, त्याचे मन कोठेही रमेल. तेथे जो आठ दिवसांत कंटाळला, त्याने समुद्र ओलांडण्याचे कष्ट घेऊ नयेत. विद्या काही सरहद्द मानीत नाही. पण तिची वाट आपल्या अंगणातूनच सुरू होते.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी काहीजण उद्या दूरदेशी जातील. जाताना पेटीत पुस्तके भराल, कपडे भराल; एक कोरी वहीही घ्या. तेथील मुलांनी, शिक्षकांनी आणि वृद्धांनी जे शिकविले ते तिच्यात रोज लिहीत जा. परतण्याच्या दिवशी ती वही भरलेली असेल, तर तुम्ही तेथे काही शिकविलेही असेल, असे खुशाल समजावे.