माणशी 208 रुपयेही जड झाले?

साठीतल्या बायांच्या हाती पाटी देण्याचा खर्च बंद करून तो पैसा पोरांच्या शाळांना द्या, असे सुचवणारे पत्र गेल्या आठवड्यात याच सदरात वाचले आणि गप्प बसवले नाही. पैसा आहे तरी किती? नवभारत साक्षरता कार्यक्रमाला 2022 ते 2027 या पाच वर्षांसाठी केंद्र आणि राज्ये मिळून 1037.90 कोटी रुपये, आणि शिकवायचे आहेत पाच कोटी लोक. म्हणजे माणशी 208 रुपये. वर्षाला नव्हे, सगळे मिळून. शिकवणाऱ्या स्वयंसेवकाला त्यातून मानधन शून्य. पऱ्हाटीवर फवारायच्या बऱ्याच औषधांची एक बाटली या रकमेत येत नाही. एवढ्या पैशातून कोणत्या शाळेचे गळके छप्पर शाकारले जाणार आहे?

औषधाचा विषय मी मुद्दाम काढला. 2017 च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. पीक डोक्याएवढे वाढलेले, दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली, तोंडाला फडके नाही, हातात मोजे नाहीत. कारणे अनेक होती आणि नुसत्या अक्षरओळखीने सारे टळले असते असे मी म्हणणार नाही. पण बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो, लाल म्हणजे सर्वांत जहाल. किती पाण्यात किती मिसळायचे, चक्कर-उलटी झाली तर काय करायचे, डॉक्टरांनी उतारा कोणता द्यायचा, हे सारे सोबतच्या कागदावर छापलेले असते. ज्याच्या पाठीवर पंप असतो त्याला पुष्कळदा ते वाचता येत नाही. दुकानदार सांगेल तेवढे माप, शेजारी मारतो ते औषध. काय फवारले ते रुग्णाच्या माणसांना सांगता आले नाही, तर उपचाराची मोलाची वेळ अंदाज बांधण्यात जाते. मास्क आणि हातमोज्यांवर तेव्हा पुष्कळ बोलले गेले. वाचता येण्यावर कोणी बोलल्याचे मला आठवत नाही.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातील स्त्रियांची साक्षरता 75.87 टक्के होती. चारातली एक बाई निरक्षर. निंदण तिचे, वेचणी तिची, औषधासाठी पाणी भरून देणेही तिचे. 2025-26 च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाला (सीसीआय) हमीभावाने कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ अॅपवर नोंदणी आली. ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी ई-केवायसी आली. दर वेळी ही चौथी बाई आपला मोबाइल आणि आधार कार्ड दुसऱ्याच्या हाती देते आणि तो सांगेल ते खरे मानते. काट्यावरची पावतीही तिला दुसऱ्यानेच वाचून दाखवायची. शिकायचे तिचे वय सरले, हे ठरवणारे आपण कोण? मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात 8 मार्च 2016 ला आजीबाईंची शाळा भरली, साठी-सत्तरीच्या बाया गुलाबी लुगडी नेसून तिथे अक्षरे गिरवायला बसल्या. जोतिराव-सावित्रीबाईंनी तर शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा 1855 सालीच काढली होती.

माझी तक्रार आहे ती साक्षरता कार्यक्रमाच्या कारभाराबद्दल. पायाभूत साक्षरता ही त्याच्या पाच भागांतली फक्त पहिली पायरी. जीवनकौशल्ये, व्यवसायकौशल्ये, पुढचे शिक्षण हे सारे कागदावर आहे. गावात पोहोचते ती 150 गुणांची परीक्षा. 2024 साली ती 17 मार्चला झाली, 2025 साली 23 मार्चला. नातवाशेजारी बसून पेपर सोडवणाऱ्या आजीचा फोटो छापून येतो, आकडा वर जातो आणि वर्ग मोडतो. वर्गाचे दिवस नेमके फवारणीचे आणि वेचणीचे. दिवसभर वावरात राबलेली बाई रात्री आठला डोळे उघडे कसे ठेवणार? एप्रिल-मेमध्ये वावरात काम कमी असते, तेव्हा वर्ग घ्या. धडा म्हणून बाटलीवरचा मजकूर आणि काट्याची पावती लावा. कोलाम आदिवासींच्या पोडावर (वस्तीवर) कोलामी बोलणारीच मुलगी शिकवायला बसवा. पहिल्या फवारणीआधी लाल त्रिकोण आणि त्याखालचा मजकूर ओळखता आला, तरी 208 रुपये वसूल झाले.

आणि फवारणीच्या औषधांच्या कंपन्यांनाही कोणीतरी विचारावे. बाटलीसोबतच्या माहितीपत्रकावरची अक्षरे इतकी बारीक असतात की चष्मा लावूनही मला ती लागत नाहीत. आधी त्यांना ठळक मराठीत छापायला लावा. कृषी विभागाने हे मनावर घ्यायला हवे.

तालुक्यातल्या शाळा-कॉलेजच्या मुलामुलींना माझी विनंती आहे. विद्यार्थीही साक्षरता कार्यक्रमात स्वयंसेवक होऊ शकतात. जवळच्या शाळेत जाऊन नाव नोंदवा आणि येत्या उन्हाळ्यात आपल्याच घरातल्या किंवा शेजारच्या एका बाईला वाचायला शिकवा.

– एक वाचक, राळेगाव (जि. यवतमाळ)