पाच टनांचा साहेब

आमच्या बिलोलीत रेल्वे नाही. गाडी धरायची तर धर्माबाद गाठावं लागतं. म्हणजे रुळांवर बोलायचा मला अधिकार नाही, तरी बोलतो. परवा येसगीच्या रस्त्याला वाळूच्या हायवा ट्रकची चाकं मोजत बसलो होतो (रिकामटेकडेपणा, दुसरं काय!) आणि एव्हरार्ड कॅलथ्रॉप साहेब आठवला. बार्शी लाइट रेल्वे त्याचीच. १८९७ साली धावली, रुळांतलं अंतर जेमतेम अडीच फूट. युक्ती साधी: इंजिन असो की डबा, एका आसावर पाच टनांहून जास्त ओझं टाकायचं नाही. मग रूळ हलके चालतात, पूल स्वस्तात होतात. १९११ला ही गाडी लातुरात पोचली. पुढे याच गड्याने वैमानिकांसाठी ‘गार्डियन एंजल’ नावाची हवाई छत्री केली, शिवाय अरबी घोड्यांचा नाद होताच. २०१६च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाणी आलं ते त्याच्याच वाटेने; रूळ तेवढे रुंद झालेले. लातूर स्टेशनात त्याची तसबीर लागलीच पाहिजे. पहिला हार हायवावाल्यांनी घालावा. त्यांच्या आसावर किती टन असतात, ते येसगीच्या खड्ड्यांना ठाऊक.