हिशेबनीस न्यूहार्ट

अमेरिकेचे विख्यात विनोदकार बॉब न्यूहार्ट मूळचे हिशेबनीस होते, हे पेढीवर बसणाऱ्या आपल्या वाचकांस सांगावेसे वाटते. १९५२ साली शिकागोच्या लोयोला विद्यापीठातून पदवी घेऊन, लष्करी सेवेनंतर ते लेखापाल झाले. किरकोळ रोकड जुळली नाही, की पदरचे पैसे घालून ते वही मिटवीत, असे स्वतःच सांगत. (ही रीत मला मुळीच मान्य नाही. दोन रुपयांच्या फरकामागे दोन हजारांची चूक दडलेली असू शकते.)

पुढे जाहिरातींचा मजकूर लिहीत असताना एका सहकाऱ्यासह त्यांनी फोनवरील विनोदी संवाद ध्वनिमुद्रित करून नभोवाणी केंद्रांना पाठविले. तो धंदा काही चालला नाही. सहकारी न्यूयॉर्कला निघून गेला. न्यूहार्ट यांनी नवा भागीदार शोधला नाही. फोनच्या दुसऱ्या टोकाचा माणूस मुकाच ठेवला. त्यांच्या एका प्रवेशात प्रसिद्धी सल्लागार अब्राहम लिंकनना फोनवरून सल्ले देतो. लिंकन एकदाही ऐकू येत नाहीत. त्यांचे उत्तर श्रोत्याने ताडायचे आणि हसायचे.

वॉर्नर ब्रदर्सने या ध्वनिफितींवरून करार केला, तेव्हा न्यूहार्ट नाइटक्लबच्या रंगमंचावर कधी उभेही राहिले नव्हते. फेब्रुवारी १९६० मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, ह्यूस्टन येथे प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रण झाले. ती ध्वनिमुद्रिका अमेरिकेत खपाच्या यादीत पहिली आली. वर्षातील सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रिकेचा ग्रॅमी पुरस्कारही तिलाच मिळाला.